मिस्त्री एक, रेजा दीड

५ जानेवारी, सोमवार

ही डायरी सिमेंटच्या दुकानदाराने बाबांना फुकट दिली. बाबांना लिहायचा कंटाळा, म्हणून ती माझ्याकडे आली. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘मजबूत पाया, सुखी संसार’ असं छापलेलं आहे. तीनशे पासष्ट वेळा हे वाचावं लागणार.

लिहायचं कारण असं, की नोकरीच्या पहिल्याच वर्षात माझ्या गळ्यात एक घोंगडं पडलं आहे. पांढुर्णा जिल्ह्यातल्या जांभूळखापा नगर परिषदेत मी उपयंत्री, म्हणजे ज्युनिअर इंजिनीअर आहे. घर बांधायची परवानगी मागणाऱ्यांचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. आजवर परवानगीची फी माझ्या जन्माच्या आधी कुणीतरी ठरवली होती तीच होती. आता वरून पत्र आलंय: गावात एक चौरस फूट बांधकामाला सरासरी किती खर्च येतो तो काढा, त्याला घराच्या क्षेत्रफळाने गुणा आणि शंभरामागे दोन रुपये फी घ्या. सीएमओ साहेबांनी, म्हणजे आमच्या मुख्याधिकाऱ्यांनी, पत्र माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, “सुप्रिया जी, बस एक आंकड़ा चाहिए.” गेल्या तीन वर्षांत बांधलेली चाळीस घरं फिरायची, खर्च विचारायचा, बेरीज करायची, भागायचं. मुदत ३१ जानेवारी. नवा दर ठरेपर्यंत सगळे अर्ज बंद.

बंद अर्जांत एक अर्ज मोतीराम मिस्त्रींचा आहे. म्हणजे बाबांचा. सहाशे फूट. तीस वर्षं गावाची घरं बांधली, स्वतः अजून मातीच्या भिंतीत राहतात. सौंसरच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून सांगितलंय की बांबूच्या पाडावर चढून काम करायचं ते याच उन्हाळ्यात, पुढच्या वर्षी नाही. बाबांनी ठरवलंय, चौदा एप्रिलला पहिली कुदळ आणि पावसाआधी स्लॅब. फीसाठी आठ हजार वेगळे काढून ठेवलेत. जुन्या दराने ते पुरून उरले असते.

गावातल्या अर्ध्या घरांना परवानगीच नाही. ती सगळी बाबांनीच बांधलीत. पण उपयंत्रीच्या बापाने विनापरवाना बांधलं तर लोक तोंडात शेण घालतील. अर्ज घरचा आहे हे मी साहेबांना सांगून टाकलं. ते म्हणाले, “तो फिर जल्दी करो.”

८ जानेवारी, गुरुवार

माझ्याइतकी मूर्ख मीच. चाळीस घरं कशाला फिरायची? त्यातली निम्मी तर बाबांच्या हातची. जेवताना म्हटलं, “बाबा, कोणत्या घराला किती लागले तेवढं सांगा. मी एका दिवसात मोकळी.”

बाबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

“हे पाय सुप्रिया, मिस्त्रीचं तोंड अन् संडासाचा टाका, दोन्ही बंदच बरे. एकाच्या घरचा पैसा दुसऱ्याले सांगतला तं उद्या माह्या हाती कोणी ओळंबा देईन का?”

“मी दुसरी आहे का?”

“तू तं सरकार हायेस,” बाबा म्हणाले. आई हसली. आईला हसायला काय जातं? तीसुद्धा त्याच घरांवर रेजा होती, डोक्यावर घमेली वाहिली, तिलाही सगळं ठाऊक. पण नवरा-बायकोची एकी अशा वेळीच दिसते.

१२ जानेवारी, सोमवार

सहा घरं झाली. सहाही माणसं गरीब निघाली.

पहिला नंबर रघुनाथराव. संत्र्याचे व्यापारी, नगरसेवक, बसस्टँडमागे त्यांचं गुलाबी घर. गेटवर पितळेचे दोन सिंह आहेत. मला म्हणाले, “अवं, मोतीरामची पोट्टी न तू? बस, बस. जामसांवलीच्या हनुमानाची शपथ घेऊन सांगतो, साडेसहाशे रुपये फुटाच्या वर एक दमडी नाई लागली.”

“आणि हे सिंह?”

“थे गिफ्ट हायेत.”

साडेसहाशे लिहून घेतलं. पुढच्या घरी सहाशे, त्याच्या पुढे पाचशे ऐंशी. एक मास्तर तर म्हणाले, घर सासऱ्यांनी बांधून दिलं, त्यांना खर्च विचारायची माझी हिंमत झाली नाही. या हिशोबाने रस्त्यावर आणखी चार घरं फिरले असते, तर घर बांधल्याबद्दल लोकांनाच पैसे मिळाले असं निघालं असतं.

१५ जानेवारी, गुरुवार

ऑफिसला उशीर. कारण बाबा. गुडघ्याला चालणं चांगलं असं त्यांच्या डोक्यात कुणीतरी भरवलंय आणि रोज सकाळी मला पोचवायला निघतात. दहा मिनिटांचा रस्ता, पण हे बाजारातून, शाळेमागून, नाल्याकाठून नेतात. आणि प्रत्येक घरापाशी थांबून पुराण.

आजचा नमुना लिहूनच ठेवते, म्हणजे पुढे माझ्या वैतागाला पुरावा राहील. गुलाबी घरापाशी: “इथं सातशे थैले सिमेंट लागलं व सुप्रिया. लोहा साडेसहा टन. चार मिस्त्री, सहा रेजा, एकशे वीस दिवस. फरशीचे दोन ट्रक राजस्थानातून आले, एक तं उलटला होता.” मास्तरांच्या घरापाशी: “हे बारकं. अडीचशे थैले, दोन टन लोहा, दोन मिस्त्री, पन्नास दिवस. चहा लय पाजला मास्तरणीनं.” शकुबाईच्या टिनाच्या घरापाशी: “साठ थैले. लोहा नाई. अठरा दिवस.” डाकवाल्याच्या घरापाशीही असंच, तीनशे दहा थैले, अडीच टन, आणि सत्तर दिवस की बहात्तर यावर स्वतःशीच वाद.

मी म्हटलं, “बाबा, मला दहाला सही करायची असते.”

“हो हो, चाल. थो पाय, थो निळा मकान पाह्यला का?”

म्हातारपण असंच येत असावं. जुन्या कामाच्या आठवणी काढत बसायचं. वाईट वाटतं, पण सहीच्या रजिस्टरवर लाल रेघ पडते त्याचं काय?

१८ जानेवारी, रविवार

रघुनाथरावांकडे माप घ्यायचं राहिलं होतं म्हणून सकाळी गेले. अंगणात पाहुणे. पांढुर्ण्याहून गजेंद्रसाठी, म्हणजे त्यांच्या मुलासाठी, मुलीकडचे आले होते. मला टेप हातात धरून उभी पाहून मुलीचे वडील म्हणाले, “इंजिनीअर मॅडम हायेत का? काय रेट पडला या घराचा?”

रघुनाथराव माझ्या आधीच बोलले, “चोवीसशे रुपये फूट! अन् आता वरचा माळा काढून राहिलो गजेंद्रसाठी, थो तं सव्वीसशेच्या खाली पडत नाई.”

मग माझ्याकडे बघून म्हणाले, “लिवा न मॅडम.” सोमवारी मी मोतीरामची पोट्टी होते.

मी साडेसहाशेवर काट मारून चोवीसशे लिहिले. पाहुण्यांसमोर आणखी काय करणार? परत येताना एक गोष्ट लक्षात आली. ज्या घरात लग्नाचा मुलगा आहे तिथे घर महाग. जिथे नाही, तिथे स्वस्त. संध्याकाळपर्यंत आणखी तीन वरबापांकडे जाऊन आले. दोन हजार, बावीसशे, दोन हजार.

२२ जानेवारी, गुरुवार

पुन्हा लांबचा रस्ता. निळं घर (चारशे वीस थैले, साडेतीन टन, ऐंशी दिवस), दूध डेअरी (एकशे नव्वद थैले, दीड टन, चाळीस दिवस), किराणावाला (तीनशे ऐंशी थैले, तीन टन, नव्वद दिवस, “दोनदा जिना तोडला, बायकोले पसंत नोयता”). हल्ली ते बोलले की मी बघतही नाही, सरळ चालते. तर मागून ओरडून सांगतात.

२७ जानेवारी, मंगळवार

काल झेंडावंदन. बुंदीचा लाडू घरी आणला, आईने तीन वाटे केले. आज बाबांनी मला थेट रामाकोन्याच्या रस्त्यापर्यंत नेलं, दोन घरं दाखवायला. एकाला पाचशे साठ थैले, पाच टन, शंभर दिवस. दुसऱ्याला नव्वद थैले, वर टिन, पंचवीस दिवस. दुसऱ्याच्या पायरीवर बसून म्हणाले, “बस, झालं. आता उद्यापासून तू एकटी जात जाय. गुडघा दुखून राहिला.”

चला, सुटले. तरी दुपारी उगीच चुकल्यासारखं वाटलं.

३० जानेवारी, शुक्रवार

चाळीस घरांची बेरीज केली, भागलं. अकराशे ऐंशी रुपये फूट.

साहेबांनी कागद पाहिला आणि खुर्चीतून उठले. शेजारच्या तालुक्यांचे आकडे अकराशे साठ ते बाराशेच्या मध्ये आहेत. “परफेक्ट सर्वे!” असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो तसाच ठेवला. कारण या चाळीसमधला एकही आकडा खरा नाही. सत्तावीस जणांनी फी वाचवायला खाली सांगितलं, तेरा जणांनी सून आणायला वर सांगितलं, आणि मधे सरकारला पाहिजे तेच निघालं.

मग टेबलावरचा आमचा अर्ज काढला. सहाशे फूट गुणिले अकराशे ऐंशी, शंभरामागे दोन. चौदा हजार एकशे साठ. बाबा घर बांधणार ते तीस वर्षं जमवलेल्या उरल्यासुरल्या मालाने. पाडलेल्या घरांचे दरवाजे, कुणी दिलेली सळाक, जुन्या विटा. आणि फी भरणार ती गुलाबी घर मिसळलेल्या सरासरीवर.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, “हं.” आणि गुडघ्याला तेल चोळत बसले. मला रडू आलं. आकडा माझ्याच हाताने काढलाय.

१ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहिते. सकाळी भांडी घासताना मी आईजवळ तक्रार केली, की बाबांना विसरायला होतं का? तेच तेच थैले, तेच दिवस सांगत होते पंधरा दिवस.

आईचा हात थांबला. “तुह्या बापानं तुले थैले सांगतले?”

“नऊ घरांचे. डोकं खाल्लं माझं.”

“काय वो माय!” आई राखेच्या हातानेच कपाळाला हात लावून बसली. “तीस वर्सं झाले. म्या त्याच घरावर घमेले वाह्यले, तरी घरी येऊन माह्याजवळ बी त्यानं कोणाच्या घराचा थैला बोलला नाई. अन् तू म्हणतं डोकं खाल्लं? पैसा सांगणार नाई म्हणे. मंग पैसा सोडून बाकी काय रायलं वो सांगाचं?”

मी तशीच आत पळाले आणि ही डायरी उघडली. सिमेंटचा भाव मला ठाऊक आहे. लोखंडाचा ठाऊक आहे. मिस्त्रीची रोजी, रेजाची रोजी तर पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. रेती, विटा, दारं-खिडक्या त्या मानाने लावता येतात. सगळं इथेच होतं, वैतागून वैतागून मी स्वतःच लिहिलेलं. उपयंत्री म्हणे! माझी पदविका छिंदवाड्याला परत नेऊन द्यावी.

दुपारपर्यंत हिशोब केला. नऊ घरांची सरासरी अकराशे शहात्तर. लबाडीच्या सरासरीत आणि खऱ्या सरासरीत चार रुपयांचा फरक. एकटीच हसत सुटले. पण खरी घरं पाहिल्यावर मुद्दा कळला. शकुबाईंचं टिन पाचशे चाळीस, गुलाबी घर दोन हजार शंभर. अकराशे शहात्तरचं घर त्या नऊ घरांत एकही नाही. आम्ही जे घर गावात नाहीच त्याची फी सगळ्यांकडून घेणार.

बाबा बाहेरून आले. मी म्हटलं, “बाबा, ते थैले...”

“कोणते थैले?” म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांपुढे तीन वर्ग मांडले. वर्ग एक: सोळाशेच्या वरचं बांधकाम, फी दोन हजारांच्या दरावर. वर्ग दोन: आठशे ते सोळाशे, दर अकराशे. वर्ग तीन: आठशेच्या खालचं, दर सहाशे. वर्ग तीन आखताना माझ्या मनात कुणीही विशिष्ट व्यक्ती नव्हती. सहाशे फुटांना सात हजार दोनशे होतात, हे मी नंतर सहज करून पाहिलं.

साहेब हसले. “और मकान किस वर्ग का है, कौन बताएगा? सब लिखेंगे, गरीब हैं.”

संध्याकाळी हा प्रश्न मी घरी नेला. उत्तर आईकडे होतं. ती म्हणाली, “एकट्यात इचारशीन तं लोक खोटंच सांगतीन. चार लोकांत इचार न. भरल्या सभेत आपलं घर हलकं हाय म्हणणारा माणूस या गावात पैदा व्हायचाय.”

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पांढुर्ण्याच्या जिल्हा बैठकीत तीन वर्ग मंजूर. अट एकच: अर्जदाराने आपला अंदाजे खर्च जाहीर सुनावणीत स्वतः वाचून दाखवायचा. साहेबांनी ही कल्पना त्यांची म्हणून सांगितली. सांगू देत. आईला सांगितलं तर म्हणाली, “त्याले चहा पाजला का कोणी?”

१० मार्च, मंगळवार

सुनावणी झाली. जशी झाली तशी लिहिते.

सभागृह गच्च. अर्ज चौदा, बघे दोनशे. पहिलं नाव रघुनाथरावांचं, वरच्या माळ्यासाठी. ते उठले तेव्हा कागदावर सातशे लिहिलेलं मला दिसत होतं. एवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “या या पाव्हणे, पुढं बसा.” पांढुर्ण्याचे व्याही! साखरपुडा गेल्याच आठवड्यात झालाय. रघुनाथरावांनी कागदाकडे पाहिलं, व्याह्यांकडे पाहिलं, कागद खिशात घातला आणि म्हणाले, “सव्वीसशे रुपये फूट. वर्ग एक. लिवा.”

टाळ्या पडल्या. मग काय, किराणावाल्याला दम निघेना. त्याचं दुकान रघुनाथरावांच्या समोरच. “वर्ग एक!” डेअरीवाला म्हणाला, “मंग मी काय टपरी बांधून राहिलो का? एक लिवा.” सासऱ्यांचं नाव सांगणारे मास्तर गॅलरी काढणार होते, गॅलरीसुद्धा वर्ग एक. साहेब रुमालाने कपाळ पुसत बेरजा करत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर नवं बस स्टँड दिसत होतं.

शकुबाई मात्र उठल्या आणि म्हणाल्या, “माहं टिनाचं हाय. एक खोली वाढवतो. तीन लिव व बाई.” कुणीही हसलं नाही.

चौदावं नाव बाबांचं. धुतलेला पांढरा शर्ट घालून आले होते. आई बायकांच्या रांगेत. मी कागदावर आधीच पेन टेकवून ठेवला होता, ३ काढायला फक्त वळवायचा होता.

“मॅडम,” बाबा म्हणाले. घरात कधी नाही, इथे मॅडम. “सामान तीन लाख साठ हजार. जुन्या दरवाज्यांची बी किंमत धरली.”

“म्हणजे सहाशे रुपये फूट,” मी घाईने म्हटलं. “वर्ग...”

“थांबा न मॅडम. माहं वाचून नाई झालं. मजुरी. मिस्त्री एक, दोनशे दिवस, आठशेनं. रेजा एक, दोनशे दिवस, चारशेनं. दोन लाख चाळीस.”

सभागृहात कुजबुज. मी खालच्या आवाजात म्हटलं, “बाबा, स्वतःच्या घरावर केलेली मजुरी कुणी धरत नाही. खर्चच नाही तो.”

बाबा मोठ्यानेच बोलले. ते सगळ्यांना ऐकवायचं होतं की फक्त मला, ते अजून कळत नाही. “काऊन? गावाच्या घरात आमची मजुरी धरली का नाई तुमी सरासरीत? मंग आमच्या घरात थे फुकट कशी झाली? अन् ही माही बायको, मंगला. तीस वर्सं घमेले वाह्यले, तिचं नाव कोणत्या कागदावर हाये? हजार रुपये फूट होते मॅडम. वर्ग दोन लिवा.”

मी आईकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला होता. हसत होती की रडत, इतक्या लांबून कळलं नाही. मी २ लिहिलं.

सहाशे फूट, अकराशेचा दर. तेरा हजार दोनशे. म्हणजे महिनाभर मी सगळ्या जिल्ह्याशी भांडून बाबांचे नऊशे साठ रुपये वाचवले.

११ मार्च, बुधवार

घरी अबोला, माझ्याकडून. पाच हजार दोनशे कमी पडतात, ते कुठून आणणार? शेवटी विचारलंच. बाबा म्हणाले, “मागच्या खोलीच्या खिडकीले यंदा पल्ले नाई लावत. फळ्या ठोकू. फळ्या आहेत.”

“सात हजार दोनशेत झालं असतं बाबा. खिडकी आली असती.”

“खिडकी पुढच्या साली बी येईन,” बाबा म्हणाले. आई भाकरी थापत होती. तिने त्यांच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी टाकली.

६ एप्रिल, सोमवार

परवानगी निघाली. सही साहेबांची, माझी नाही, नात्यामुळे. बाबांनी पावतीला प्लास्टिक करून घेतलं. मागे खर्चाचा तक्ता असतो तो सहसा कुणी बघत नाही. आईने तीनदा वाचायला लावला, तिसऱ्यांदा फक्त रेजाची ओळ.

१४ एप्रिल, मंगळवार

सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालून सगळे प्लॉटवर. निळा झेंडा कोपऱ्यात. बाबांनी पहिली कुदळ मारली, गुडघा धरून थोडं थांबले, मग दुसरी मारली. आईने पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि घमेलं उचललं. रघुनाथराव सकाळी पाहून गेले, म्हणाले, “मोतीरामभाऊ, माह्या माळ्याचं काम कधी घेतं?” बाबा म्हणाले, “दोनशे दिवसानं या.”

सुट्टी असल्यामुळे मीही दिवसभर माती वाहिली. सत्तर घमेली झाल्यावर मोजणं सोडलं. मान गेली कामातून. संध्याकाळी हातपाय धुऊन डायरी घेऊन बाबांजवळ बसले आणि म्हटलं, “सांगा, आज काय लिहू?” जानेवारीत ते मागे लागून सांगत होते आणि मी ऐकत नव्हते. आज विचारलं तर त्यांनी डायरी हातात घेऊन जानेवारीची पानं चाळली आणि परत दिली.

मग म्हणाले, “दिवस पह्यला. मिस्त्री एक. रेजा एक.”

“आणि मी?”

बाबांनी माझ्या हातावरचे फोड उलटसुलट करून पाहिले. आई आतून ओरडली, “तिचं एक घमेलं अर्धं रिकामं राहे! म्या पाह्यलं.”

“शिकून राहिली अजून,” बाबा म्हणाले. “अर्धी धर.”

दिवस पहिला. मिस्त्री एक, रेजा दीड.